वळवाच्या पाण्यातले नत्र

पावसाच्या प्रदूषणाचा विषय निघाला की बोलणे आम्लवर्षेवर जाते आणि तिथेच संपते. सोलापूर, अहिल्यानगर, बीड या अवर्षणप्रवण पट्ट्यात पावसाचा सामू (pH) सहसा ५.६च्या वरच भरतो, म्हणजे तो आम्लवर्षा ठरत नाही, कारण हवेतली चुनखडीयुक्त धूळ त्यातले आम्ल मारते. पण तेवढ्यावर पाऊस स्वच्छ ठरवणे मला भाबडेपणाचे वाटते. आम्ल मेले तरी नत्र राहतेच: कधी नायट्रेटच्या, तर कधी अमोनियमच्या रूपाने ते पाण्याबरोबर जमिनीवर उतरते.

यातले अमोनियम येते ते मुख्यतः शेतीतून. आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. चुनखडीच्या जमिनीवर युरिया नुसता फोकून दिला आणि मातीआड केला नाही, तर त्यातले बरेच नत्र अमोनिया होऊन उडून जाते. जनावरांचे शेण-मूत्र आणि पेटवलेले पाचट त्यात भर घालतात. नायट्रेट येते ते मुख्यतः वाहनांच्या आणि औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातून. (वळवाने पीक तरारते ते विजांमुळे, असे जुने लोक सांगतात. विजेने नत्र बनते हे खरेच, पण आता त्यात धुराचाही वाटा आहे.)

कोरड्या महिन्यांत हवेत साठलेले हे सारे पहिल्या सरी धुऊन काढतात, म्हणून वळवाचे पाणी श्रावणातल्या संततधारेपेक्षा कितीतरी दाट असते. हिशेब सोपा आहे: लिटरमागे १ मिलिग्रॅम नत्र धरले, तर १०० मिलिमीटर पावसाबरोबर हेक्टरी १ किलो नत्र पडते. म्हणजे ६०० मिलिमीटरच्या गावात ६ किलो.

उसाच्या फडाला हे ६ किलो खिजगणतीतही नाहीत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाची गोष्ट वेगळी. तिथले गवत हलक्या, भुकेल्या जमिनीवरच वाढायला सरावलेले असते, आणि अशा ठिकाणी नत्र वाढले की ते भराभर शोषणाऱ्या मोजक्या जाती फोफावून स्वतःचे नत्र स्वतः बनवणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती मागे पडण्याचा धोका असतो. शिवाय आपल्याकडे वर्षातले आठ महिने नत्र धुळीबरोबर कोरडेच पडत असते. सतत उघड्या ठेवलेल्या नरसाळ्यात ही धूळही जमा होते आणि पावसाचा आकडा फुगतो. फक्त पाऊस पडताना झाकण उघडणाऱ्या यंत्रात ती येतच नाही. माळावरचा खरा भार काढायचा, तर पाऊस आणि धूळ वेगवेगळी मोजून मग बेरीज केली पाहिजे, आणि पावसाच्या बाटलीत थायमॉल या जंतुनाशकाची चिमूट टाकली पाहिजे, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जिवाणू त्यातले अमोनियम फस्त करतात.