वाट दाखवणारी क्रियापदं: 'घालवणे' सुटलं एकदाचं

कुणाला कुठं नेण्या-धाडण्याच्या क्रियापदांचे अर्थ कार्डांवर लिहून त्यांचे गठ्ठे लावतोय. त्यात तीन आठवडे 'घालवणे'च्या एकाच कार्डावर अडकलेलो, काल सातारा स्टँडवर सुटलं. हाकणे-वळणे-राखणेचा गठ्ठा मागंच बांधला (गुरं वळायची आणि पोराला वळण लावायचं, दोन्हीत तेच 'वळ', याचा आनंद अजून उतरला नाहीये), मग माणसांकडं आलो, नेणे, पोचवणे, सोडणे, आणि आपल्याकडचं घालवणे.

इथंच घाम निघाला. पुण्याच्या मित्राला घालवणे म्हणजे हरवणं, वाया जाऊ देणं एवढंच माहीत, आणि आमच्यात आई सरळ म्हणते, आत्याला स्टँडवर घालवून ये. मी ते सोडणेच्या कार्डावरच चिकटवलेलं पण मन घेत नव्हतं.

काल फलाटावर एक आजी, लेक आत खिडकीला. कंडक्टर म्हणाला चढा मावशी, तर म्हणाली, "न्हाय बाबा, लेकीला घालवाय आलीया." गाडी हलली तशी चार पावलं गाडीबरोबर चालली आणि गाडी गेटातून वळेपर्यंत तिथंच उभी. रिक्षावाला सोडतो आणि लगेच वळतो. घालवणारा गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबतो!

घरी येऊन प्रत्येकापुढं 'पण ती अजून पोचली नाही' जोडून बघितलं. सोडून आलो चालतं, घालवून आलो चालतं, पोचवून आलो अजिबात चालत नाही. शिवाय पार्सल सोडता येतं, या अर्थानं घालवता येत नाही, त्याला स्वतःच्या पायानं निघालेलं माणूसच लागतं. आणि 'पोरगं घालवलं' म्हटलं की काळजात धस्स होतं, 'पोराला घालवलं' म्हटलं की तो मुंबईच्या गाडीत बसलेला असतो, म्हणजे सगळा खेळ त्या 'ला'चा आहे. तुमच्याकडं 'ला' असूनही हरवण्याचाच अर्थ निघत असेल तर वाक्य जरूर टाका.

कोशांचं म्हणाल तर पहिल्या नजरेला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती, पण रमायला दाते-कर्वेंचा महाराष्ट्र शब्दकोशच. कार्डं मात्र प्रेसमधनं कापून आणू नका, शाई फुटते, मी आता जाड ड्रॉइंग पेपर घरीच कापतोय.

पुढं लोणंद-तरडगावला पालखीत चोपदार दिंड्या कशा लावतात त्याचे शब्द घ्यायचे होते, पण हे लिहिता लिहिता मुराळी आठवला, लेकीला माहेरी न्यायला येणारा. घालवणेच्या बरोब्बर उलट बाजूचा माणूस! त्याचं क्रियापद कोणतं, न्यायला येणं की आणायला जाणं, ते कोण कुठल्या दारात उभं राहून बोलतंय त्यावर ठरतंय. आधी तेच घेतो, आणि बोळवणही त्याच गठ्ठ्यात.