कोराडी ते मोहर्ली, मामांसोबत

डिसेंबरात चार दिवस आजोळी नागपूरला गेले होते, मोहर्ली गेटचं ताडोब्याचं बुकिंग आधीच करून ठेवलं होतं आणि ऐनवेळी मामा म्हणाले मी पण येतो. मामांनी बत्तीस वर्षं कोळशावर वीज बनवणाऱ्या थर्मल प्लांटमध्ये काढलीत, बॉयलरला. आणि मी गेली दोन-तीन वर्षं भेटेल त्याला सांगत असते की कोळशाचे नवीन प्लांट बांधणं आता थांबवायला हवं. घरच्या ग्रुपवर आमचं यावरून बऱ्याचदा वाजलंय. पण ग्रुपवर भांडणं वेगळं आणि दीडशे किलोमीटर एकाच गाडीत बसून बोलणं वेगळं.

आदल्या दिवशी मामी म्हणाली कोराडीच्या देवीला जाऊन या. जगदंबेचं दर्शन छान झालं, गर्दी नव्हती. बाहेर येऊन मान वर केली की कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी. तिथे वीज बनवणारे 660 मेगावॅटचे तीन संच आहेत आणि आणखी दोन तेवढेच संच उभारायचा प्रस्ताव आला तेव्हा 29 मे 2023 ला तिथे जनसुनावणी झाली होती. मे महिन्यात, नागपुरात! त्या उन्हात लोक दोन्ही बाजूंनी बोलायला आले होते, कुणी रोजगार मागायला, कुणी आता पुरे म्हणायला. मी मामांना म्हटलं, त्याच्या आदल्याच वर्षी जुलैत याच प्लांटची राख साठवणारा खसाळ्याचा बंधारा फुटला, गाळ शेतांत-नाल्यांत गेला, तरी अजून संच हवेत?

मामा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बंधारा फुटला ते चूकच आहे, त्याच्यावर मी काही बोलत नाही. पण नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून इथे वापरतात हे पण सांग ना लोकांना." बरोबर आहे ते. ही गोष्ट खरंच चांगली झालीये, तेवढं नदीचं पाणी वाचतं, आणि पुण्यातल्या माझ्या मित्रमैत्रिणींपैकी कुणालाच ती माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघालो. बुटीबोरी, जाम, मग चंद्रपूरचा फाटा. थंडी मस्त, शेतात तूर उभी, कापसाची वेचणी चाललेली. जामला चहा आणि गरम आलूबोंडा (तिथे थांबल्याशिवाय कोणी पुढे जात नाही असं मामांचं म्हणणं, आणि बोंडा खरंच चांगला होता). वरोऱ्याच्या पुढे मामांनी मुद्द्याला हात घातला.

"तुला भारनियमन आठवते का?"

मला आठवतं पण पुण्याचं, तिथे कमी होतं. 2005 नंतर सात-आठ वर्षं विदर्भात खेड्यांत बारा-बारा तास लाईन नसायची, पोरं कंदिलावर दहावीला बसली, पिठाची गिरणी बंद, पाणी नाही. मामा म्हणाले त्या वर्षांत संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की आम्ही जेवण सोडून धावायचो कारण एक संच गेला की किती गावं अंधारात जातात हे आम्हाला माहीत होतं. "आणि तू म्हणते बंद करा." मी म्हटलं मामा, चालू आहेत ते उद्या बंद करा असं मी म्हणतच नाहीये, नवीन बांधू नका म्हणते. हा फरक दर वेळी हरवतो आणि मग दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडत बसतो.

भद्रावतीच्या अलीकडे आत एका गावात मामांचे साडू राहतात, तिथे जेवायला थांबलो. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. काकांचा हरभरा आणि गहू आहे. पूर्वी मोटरची लाईन रात्रीची असायची, बारा वाजता उठून काठी-टॉर्च घेऊन ओलित करायला जायचं, डिसेंबरच्या थंडीत, आणि या भागात वाघ आहे, ही काही गंमत नाही. काकू रात्रभर जाग्या असायच्या. आता गावाचा फीडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाईन, सोलरवर गेलाय, दिवसा लाईन असते. काका म्हणाले, "आता रात्री झोपतो मी." मी कितीही आकडे मांडले असते तरी मामांवर त्याचा जेवढा परिणाम झाला नसता तेवढा या एका वाक्याचा झाला, मला दिसला तो त्यांच्या चेहऱ्यावर.

पण गाडीत बसल्यावर त्यांनी परत विचारलंच, की संध्याकाळी सूर्य गेल्यावर काय? सात वाजता सगळ्या महाराष्ट्रात दिवे, टीव्ही, पंप एकदम लागतात तेव्हा सोलर शून्य. हा प्रश्न मला टाळायचा नव्हता, कारण नवीन प्लांट नको म्हणणाऱ्याला याचं उत्तर द्यावंच लागतं. मी म्हटलं, घाटघरला 2008 पासून काय चालू आहे? 250 मेगावॅट, जास्तीच्या विजेवर पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज घ्यायची. सह्याद्रीत असे उतार भरपूर आहेत. बॅटऱ्या आहेत. कोयनेची पाण्यावरची वीज आहे. मामा म्हणाले घाटघर लहान आहे, तेवढ्यावर राज्य चालत नाही. हो, मान्य आहे. पण नवीन संचाचे हजारो कोटी तिकडे घातले तर मोठं का होणार नाही? आज पाया खणला तर संच सुरू व्हायला पाच-सहा वर्षं जातात आणि मग तो तीस वर्षं चालवावाच लागतो, कर्ज फेडायचं असतं. म्हणजे 2060 पलीकडे. आणि देशानं 2070 ला नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषूनही घेऊ, असं ग्लासगोच्या हवामान परिषदेत सांगितलंय.

चंद्रपूरला न थांबता दुर्गापूर, ऊर्जानगर, पद्मापूर या रस्त्याने मोहर्लीकडे गेलो. हा रस्ता प्रत्येकानं एकदा बघावा. डावी-उजवीकडे कोळशाच्या खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर, मोठाले डंपर, झाडांच्या पानांवर काळपट धूळ, आणि काही किलोमीटर गेलं की जंगल सुरू. मध्ये सीमा अशी नाहीच. 2022 च्या फेब्रुवारीत एका कामगाराला चंद्रपूरच्या थर्मल प्लांटच्या आवारातच वाघानं मारलं होतं, तेव्हा सगळे म्हणाले वाघ प्लांटमध्ये आला. पण वाघ तिथलाच होता ना.

चंद्रपूरचं हे वीज केंद्र 2920 मेगावॅटचं आहे. आपल्या कोळशात राख तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, म्हणजे तीन ट्रक जळले की एक ट्रक राख तिथेच उरते. आणि वीज? पद्मापूरच्या पुढे गाडी थांबवून मामांनी मला हे सांगितलं, मला माहीत नव्हतं, चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत 500 केव्हीची एक डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची) लाईन आहे, जवळजवळ साडेसातशे किलोमीटर, 1500 मेगावॅट थेट मुंबईच्या बाजूला नेते. मामांना त्या लाईनचा अभिमान आहे. मला मात्र एकदम गलबलून आलं. पश्चिमेकडे आमच्या घरात एसी लागतो तो या राखेवर लागतो, आणि 2009 च्या केंद्राच्या प्रदूषण यादीत चंद्रपूर देशात चौथं आलं होतं, पडघा नव्हे. मी तसं बोलले तर मामा म्हणाले, "हे मात्र खरं आहे बाई."

पुढच्या दिवशी सकाळच्या सफारीत वाघ दिसला नाही. रानकुत्री दिसली, अस्वल दिसलं, फार सुंदर सकाळ होती. संध्याकाळी इरई धरणाच्या बॅकवॉटरला बसलो होतो, पाणी अगदी शांत, पलीकडे जंगल. हेच पाणी प्लांटलाही जातं. 2010 च्या उन्हाळ्यात इरई आटली तेव्हा संच बंद ठेवावे लागले होते, मामा तेव्हा ड्यूटीवर होते. म्हणाले बॉयलर थंड पडलेला बघणं फार वाईट असतं, इतकी शांतता प्लांटमध्ये कधी ऐकली नव्हती. मग बऱ्याच वेळानं स्वतःहूनच म्हणाले, उन्हाळे असेच वाढत राहिले तर नव्या संचाला पाणी कुठून देणार हे मला कोणी सांगितलेलं नाही.

नवीन नको, हे त्यांनी त्या शब्दांत म्हटलं नाही आणि मी वदवूनही घेतलं नाही. पण कंत्राटी पोरांचा विषय त्यांनी काढला आणि त्यावर माझ्याकडे खरंच पुरेसं उत्तर नव्हतं. कायम नोकरीवाले पेन्शन घेऊन बसतील, पण कोळसा उतरवणारी, राख वाहणारी, कँटीनमधली हजारो पोरं कुठे जाणार? सोलर पार्क एकदा उभा राहिला की त्याला माणसं किती लागतात? "तू लिहिशील तेव्हा हे पहिले लिही," म्हणाले. पहिलं नाही लिहिता आलं मामा, ओघात इथे आलं. पण जुने संच बंद व्हायच्या आधी, त्याच ऊर्जानगरात, त्याच पोरांना दुसऱ्या कामाचं शिक्षण आणि हाताला काम मिळालं पाहिजे, आणि ते लेखी मिळालं पाहिजे, यावर आमचं दोघांचं तिथे पाण्याकाठी पूर्ण एकमत झालं.

जाणार असाल तर मंगळवार सोडून जा, ताडोबा बंद असतं. आणि पद्मापूरवरूनच जा, दिवसाउजेडी, काचा खाली करून.