आधी मोजायचं, मग उघडायचं: आमच्या गॅरेजची वाटचाल

स्पोर्ट्स कारचा मालक पहिल्यांदा फोन करतो तेव्हा तो खर्च नंतर विचारतो. आधी विचारतो, "हे मॉडेल तुम्ही याआधी उघडलंय का?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो. गाडी कोणाच्या हातात द्यायची याचा विचार तो कुठून सुरू करतोय हे त्यातून कळतं. आमचा धंदा आज ज्या रूपात उभा आहे, तो याच प्रश्नाला खरं उत्तर देता देता घडला.

मी आणि माझा भागीदार दोघंही साध्या गाड्यांच्या गॅरेजात तयार झालो. क्लच, ब्रेक, सस्पेंशन, रोजचं रनिंग रिपेअर. स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हाही कामं तीच होती. मग एक पोर्शे ९११ आली, ९९६ पिढीतली. पाण्याने थंड होणारं इंजिन ९११ ला पहिल्यांदा मिळालं ते याच पिढीत, १९९७ साली. मालकाची तक्रार अशी की सकाळी थंड गाडी चालू केली की मागून काही क्षण खडखडाट येतो. दुसऱ्या एका ठिकाणी नुसता आवाज ऐकून त्यांना सांगितलं होतं, "इंजिन गेलं, दुसरं बसवा." तिथे एक बोल्टही सैल केला नव्हता.

या इंजिनात क्रँकची गती टायमिंग चेनकडे पोचवणारा एक मधला शाफ्ट असतो. त्याचं बेअरिंग बदनाम आहे, आणि ते खोटं नाही. हे सीलबंद बॉल बेअरिंग असतं. वर्षानुवर्षांच्या वापरात आतलं ग्रीस निघून जातं, गोळ्या झिजतात, आणि बेअरिंग तुटलं तर टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, सुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यामुळे मालकाची भीती रास्तच होती. पण बेअरिंग झिजायला लागलं की त्याचं लोखंड आधी तेलात उतरतं. म्हणून आम्ही ऑइल फिल्टर काढला, ब्लेडने त्याचा कागद कापला आणि घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर पसरल्या. मालकाला शेजारी उभं केलं. कापडाखालून चुंबक फिरवला. बेअरिंगचा चुरा असता तर तो चुंबकामागे सरकला असता. अ‍ॅल्युमिनियमची चमक दिसते, पण ते हलत नाही. आम्हाला सापडले तपकिरी प्लास्टिकचे बारीक तुकडे, म्हणजे चेन ज्या गाईडवरून घासत जाते त्या गाईडचे. पुढे चेन ताणून धरणारे टेन्शनर आणि गाईड बदलले, खडखडाट गेला. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचाच होता, म्हणून मालकाच्या संमतीने तेव्हाच बेअरिंगही नवं बसवलं. जुनं बेअरिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी फिरवून पाहिलं, खरखर जाणवत नव्हती.

त्या गाडीनंतर आमच्याकडे एक नियम पडला. मोजमाप किंवा फोटो जॉब कार्डला लागल्याशिवाय मोठं काम सुरू होत नाही, आणि निघालेला प्रत्येक पार्ट मालकाला परत मिळतो. नेण्याची इच्छा नसेल तर निदान बघून जा, असा आमचा आग्रह असतो.

त्याच बेअरिंगवरून दुकानाची परीक्षाही घेता येते. साधारण २००६ ते २००८ च्या इंजिनांत ते मोठं आणि जास्त टिकाऊ आहे, पण इंजिनाची केस उघडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत तो शाफ्टच नाही. ९११ च्याच जीटी३ आणि टर्बो या मॉडेलांचं त्या काळातलं इंजिन वेगळ्या घडणीचं, त्याला हा आजार नाही. आता एखाद्याने २००७ च्या गाडीला "गिअरबॉक्स उतरवून बेअरिंग टाकून देतो" असं सांगितलं, तर त्याने हे इंजिन उघडलेलं नाही असं खुशाल समजावं. बाहेरची चकचकीत फरशी आणि भिंतीवरच्या फ्रेम्स बघून हे कळत नाही.

हळूहळू अशाच गाड्या यायला लागल्या आणि आमच्यात पहिला मोठा वाद झाला. भागीदाराचं म्हणणं, साध्या गाड्यांचं काम रोजचा पैसा देतं, ते सोडू नये. माझं म्हणणं, एका लिफ्टवर घाईची कामं आणि दुसऱ्यावर उघडलेलं इंजिन असेल तर नुकसान इंजिनाचंच होतं. शेवटी साधं काम बंद केलं. काही काळ ओढाताण झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हाताखालच्या मुलांना एकाच प्रकारच्या इंजिनावर बसता आलं. जो मुलगा आमच्याकडे पार्ट धुवायला लागला, तोच आज इंजिन विभाग सांभाळतो. मालकांना मी त्याच्याशी थेट बोलायला लावतो. गाडीवर हात कोणाचा चालणार हे त्यांना माहीत असायला हवं, आणि काउंटरवरच्या माणसापेक्षा तो नेमकं सांगतो.

कमाईचा मोठा हिस्सा अवजारांत गेला. ९९६ च्या चाकाच्या बोल्टला १३० न्यूटन-मीटर लागतात. ९९१ पिढीच्या जीटी३ ला चाकाच्या मधोमध एकच नट असतो, तो ६०० न्यूटन-मीटरवर आवळायचा. त्याला वेगळा टॉर्क पाना आणि आवळताना ब्रेकवर पाय ठेवणारा दुसरा माणूस लागतो. टॉर्क पाना नियमित तपासून घेतला नाही तर तो आकडा नुसता दांड्यावर राहतो. सिरॅमिक ब्रेकची डिस्क घ्या. ती नुसत्या जाडीवर तपासत नाहीत, तिचं किमान वजन तिच्या मधल्या भागावर कोरलेलं असतं, म्हणजे काढून तोलायला काटा हवा. बोल्टची चाकं असलेल्या गाडीत चाक काढताना हबला गाईड पिना लावायच्या, नाहीतर चाकाची कड डिस्कवर आपटते आणि कपचा उडतो. आमच्याकडे या पिना प्रत्येक लिफ्टला टांगलेल्या आहेत. कोणी नवीन ग्राहक आला आणि त्या पिना बघून थांबला, की मला बरं वाटतं.

नाही म्हणायलाही आम्ही या वाटेवरच शिकलो. माझदा आरएक्स-८ आली की आम्ही ती रोटरी इंजिनवाल्याकडे पाठवतो. त्या इंजिनाच्या प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्हींचं कॉम्प्रेशन वेगवेगळं मोजावं लागतं. साध्या गेजवर मिळालेला आकडा मालकाची दिशाभूल करतो. फेरारी एफ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ते काम सतत करणारे लोक आहेत, त्यांनीच ते करावं. लोटस एलिसच्या चासीचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग चिकटवून जोडलेले असतात, त्यामुळे धडक बसलेली एलिस ठोकून सरळ करायला आम्ही घेत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर मी स्वतः सांगतो, आधी डीलरकडे जा. रिकॉलचं आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम त्यांचंच आहे. वॉरंटी संपल्यावर, गाडी जुनी झाल्यावर, एकेक मेकॅनिक ती पिढी ओळखतो तिथे आमच्यासारख्यांचा उपयोग होतो. काहींना वाटतं, गिऱ्हाईक घालवतो हा माणूस. पण असं परत पाठवलेल्यांपैकी बरेच जण पुढे दुसरी गाडी घेऊन आले.

ट्रायलचंही तसंच. मालक शेजारी बसलेला असतो किंवा मीटरचा फोटो जाण्याआधी आणि आल्यावर त्याला जातो. दुसऱ्याच्या ९११ मध्ये फेरी मारायला कोणाला आवडत नाही! म्हणूनच ही शिस्त हवी.

आता पोर्शे टायकानचे मालक विचारणा करतात. २०१९ मध्ये आलेली ही गाडी ८०० व्होल्टवर चालते. तिचे टायर, ब्रेक आणि सस्पेंशन आम्ही बघतो. नारिंगी केबलच्या, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, पलीकडच्या कामाला सध्या आम्ही हात लावत नाही. इंजिन विभागातला मुलगा हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतोय. ते पूर्ण होऊन इन्सुलेटेड अवजारांचा संच आणि वेगळी बे तयार झाली, की पुढचं काम घ्यायचं असं दोघांनी मिळून ठरवलंय. यावेळी भागीदाराला माझ्यापेक्षा जास्त घाई आहे.