उन्हाळी भाजी लावली खरी, पण तोडायची कधी?

लावणं, पाणी, खत हे सगळं मी मोबाईलवर बघून बघून शिकले होते, पण आलेली भाजी उतरवायची कधी हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. आम्ही जळगावला राहतो, घरामागे दहा बाय पंधराचा तुकडा आणि वर गच्ची एवढीच काय ती जागा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भेंडी, गवार, काकडी, गिलके (म्हणजे घोसाळी) लावले, टोमॅटो आणि मिरचीची रोपं नर्सरीतून आणली, गच्चीवर हिरवी नेट बांधून घेतली.

साधारण दीड महिन्याने भेंडीला फुलं आली. पहिली भेंडी बोटाएवढी झाली तर तोडायला जीवच होईना, म्हटलं वाढू दे अजून, रविवारी निवांत फोटो काढू मग तोडू. रविवारपर्यंत वीतभर झाली, दिसायला एकदम झकास, पण विळीवर धरली तर कापली जाईना, आत बिया टणक आणि शिजवल्यावर तोंडात नुसते दोरे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही बियाण्याची झाली आता. शेंडा मोडून बघायचा ना, कट्‌कन तुटला तर कोवळी, नुसता वाकला तर गेली." फूल उमलल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी भेंडी तोडायला येते हे मग मीच कॅलेंडरवर खुणा करून करून काढलं. आणि जून भेंडी झाडावर राहिली की झाड बियांच्या मागे लागतं, नवीन फुलं कमी होतात, म्हणजे माझ्या त्या फोटोच्या नादात पुढच्या चार भेंड्या गेल्या असणार.

तेव्हापासून एक दिवसाआड सकाळी सहाला कात्री आणि टोपली घेऊन बाहेर. हाताने ओढायला गेलं की अख्खी फांदीच सोलून येते म्हणून देठ ठेवून कात्रीनेच कापायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या बाहीच्या ड्रेसवर गेले होते, भेंडीची ती बारीक लव हाताला लागून दुपारपर्यंत खाजवत बसले, आता नवऱ्याचा जुना फुल शर्ट दाराला टांगूनच ठेवलाय. बारा झाडांची एका वेळेला पाव किलो निघायची, चौघांच्या डब्याला पुरते एवढी. एकदा ऑफिसमधून आल्यावर संध्याकाळी तोडून बघितली, तर मऊ, मलूल, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही सकाळी तशीच. दिवसभराच्या उन्हात झाडातलंच पाणी उडून गेलेलं असतं, भाजीत कुठून राहणार. आणि सकाळची भेंडी धुवून ठेवायची नाही हां, कोरडीच कापडी पिशवीत घालायची, नाहीतर काळी पडते आणि चिकट होते.

काकडीचं प्रकरण वेगळं. ती लपते. वेल पूर्ण बघितला असं वाटून मी आत यायचे आणि दोन दिवसांनी पानाखाली पिवळा जर्द बोंगा सापडायचा. मग पानं उचलून, खाली वाकून, उलट्या बाजूनेही बघायची सवय लावून घेतली. एप्रिलच्या शेवटी काकडी कडू लागायला लागली, चोळून फेस काढला, काही उपयोग नाही. नळाला रोज पाणी येत नाही, मग मी एक दिवस भरपूर आणि दोन दिवस काहीच नाही असं करत होते, त्या ताणाने आणि उन्हाने काकडीत कडूपणा वाढतो. ड्रममध्ये पाणी साठवून थोडं थोडं रोज द्यायला लागले, खाली वाळलेल्या पाल्याचा थर टाकला, नंतरच्या काकड्या बऱ्याच सुधारल्या. तरी देठाकडचा तुकडा आधी चाखूनच कोशिंबिरीत घालते. कडूजहर लागली तर सरळ टाकून द्यायची, वेलाच्या भाजीत कडूपणा असला की पोट चांगलंच बिघडू शकतं, तिथे जीव तोडून काटकसर करू नये.

टोमॅटोने मात्र रडवलं. मे मध्ये आमच्याकडे पारा 44 च्या पुढे, फुलं गळून खाली सडा. जी फळं आधी धरली होती ती लाल व्हायचं नावच घेईनात, नुसती पिवळट नारिंगी, आणि जरा रंग आला की बुलबुल आमच्या आधी हजर, एक टोच मारून पुढच्यावर. एवढ्या उन्हात टोमॅटोला लाल रंग नीट धरतच नाही. मग बुडाला जरासा गुलाबी डाग दिसला की तोडायचे आणि घरात टोपलीत कागदावर पसरून ठेवायचे, चार-पाच दिवसांत आपोआप लाल. फ्रिजमध्ये नाही ठेवायचे, चव जाते. विकतच्यापेक्षा भारी होते असं काही म्हणणार नाही, पण बुलबुलाला मिळाले नाहीत याचंच समाधान जास्त.

गिलके कोवळे असताना भजी करून संपायचे, ठेच्यासोबत तर विचारूच नका. नखाने सालीवर जरा दाबायचं, नख सहज रुतलं की तोडायचं. एक कुंपणापलीकडे लोंबत राहिलेलं दिसलंच नाही, जूनमध्ये हाती आलं तोवर आत नुसती जाळी, त्याची घासणी झाली आणि अजून तीच वापरतोय. गवारीचं मात्र काही सांगण्यासारखं नाही, आली, मोडून बघितली, खाल्ली.

मे संपत आला तशी भेंडीची झाडं माझ्याही डोक्यावर गेली होती. सासूबाईंनी सगळ्यात चांगल्या झाडावरच्या दोन भेंड्यांना लाल दोरा बांधला, या बियांना ठेवायच्या, झाडावरच वाळून तडकेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. बियाणं हायब्रीड नव्हतं म्हणून हे जमणार होतं. त्या चांगल्या हातभर झाल्या, तपकिरी व्हायला लागल्या. त्याच सुमारास एका शनिवारी मला लवकर निघायचं होतं म्हणून तोडणीचं काम लेकाला दिलं, पूर्ण महिनाभर माझ्या मागे मागे फिरून तो शिकला होता. संध्याकाळी येऊन बघते तर ओट्यावर टोपली, कोवळी भेंडी सगळी नीट एका बाजूला, आणि वर दोऱ्यासकट त्या दोन.

"अगं मम्मी, या तर केवढ्या मोठ्या झाल्या होत्या, तुला दिसल्याच नाहीत का?"