आता कुणी थांबत नाही

रविवार, रात्री उशिरा. गंगापूर रोड.

"मावशी, तू मध्येच थांबतेस कशाला?" एवढंच म्हणून ओजस सॅक उचलून गेला. टोचून बोलायचा त्याचा स्वभाव नाही, आणि त्याच्या मनातही तसं काही नसणार. तरी तेच वाक्य डोक्यात घोळतंय. आई हाक मारून गेली, मी "आले" म्हटलं आणि इथेच बसले.

थांबते, हे खरंच आहे. लेजेंड्स: झेड-ए या पोकेमॉनच्या गेममध्ये समोरचा पोकेमॉन हल्ल्याच्या तयारीत असतो, माझं बोट बटणावर असतं, आणि मी विचार करत राहते. तेवढ्यात फटका बसलेला असतो.

पोकेमॉनची लढाई मला कळते, असं मी धरून चालले होते. 27 फेब्रुवारी 1996 ला जपानमध्ये गेम बॉयवर रेड आणि ग्रीन आले, तेव्हापासून मुख्य गेम्सचा साचा एकच होता: गावागावातून फिरा, आठ जिम, म्हणजे लढाईचे आखाडे, जिंका, मग एलिट फोर हे चार दिग्गज आणि शेवटी चॅम्पियन. मध्ये फेरफार झाले. 2016 च्या सन आणि मूनमध्ये जिमऐवजी बेटांवरच्या परीक्षा आल्या, 2022 च्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये मोकळं जग आलं, कुठे आधी जायचं ते आपण ठरवायचं. पण लढाईला कुणी हात लावला नव्हता. चार मूव्ह समोर, त्यातली एक निवडायची, समोरचाही एक निवडणार, ज्याचा स्पीड जास्त त्याचा वार आधी. आणि आपण निवडेपर्यंत सगळं जग थांबलेलं. पाच सेकंद घ्या, नाहीतर चहा करून या.

त्या थांबण्यात खूप काही मावायचं. पाण्याच्या दोन मूव्हपैकी सर्फ की हायड्रो पंप? सर्फची ताकद 90 आणि सहसा चुकत नाही. हायड्रो पंपची 110, पण अचूकता 80 टक्के, म्हणजे पाचातला एक वार हुकणार. शिवाय पीपी, म्हणजे मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा, सर्फचे 15 आणि हायड्रो पंपचे 5, तेव्हा पुढच्या लढाईसाठी किती राखून ठेवायचे तेही बघायचं. समोरचा पोकेमॉन बदलणार असेल तर आत्ताच पुढच्याला लागेल असा वार करायचा का? हा सगळा हिशेब शांतपणे करता यायचा. माझं जे काही कौशल्य होतं ते या शांततेत होतं. आता ती शांतताच काढून घेतलीये.

16 ऑक्टोबर 2025 ला आलेल्या लेजेंड्स: झेड-एमध्ये लढाई चालू वेळेत होते. कंट्रोलरवरचं झेडएल बटण दाबून धरलं की समोरच्यावर नेम लागतो, आणि ए, बी, एक्स, वाय या चार बटणांवर चार मूव्ह येतात. पीपी नाहीत. वापरलेली मूव्ह पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, आणि साधारणपणे मूव्ह जितकी जड तितका तो वेळ जास्त. स्पीडने आता पहिला वार कुणाचा हे ठरत नाही, मूव्ह किती लवकर परत तयार होतात यात त्याचा हात असतो. झेडएल सोडलं की पोकेमॉन आपल्या मागे मागे येतो. म्हणजे समोरून मोठा वार येताना दिसला की झेडएल सोडायचं, वायने लोळण घेऊन बाजूला व्हायचं, पोकेमॉनही बाजूला येतो, आणि मग पुन्हा झेडएल. जुन्या गेम्समध्ये या हालचालीला जागाच नव्हती. तिथे वार चुकायचा तो नशिबाने. इथे तो चुकवावा लागतो.

त्यामुळे अंतराला किंमत आली. क्लोज कॉम्बॅटसारखी मूव्ह असेल तर पोकेमॉनला समोरच्यापर्यंत धावत जावं लागतं, आणि त्या धावण्यात वेळ जातो. लांबून सोडायची मूव्ह लगेच निघते, पण मध्ये खांब, कठडा किंवा भिंत असेल तर तिथेच आपटते. घोळ होतो तो इथेच: आपण नेम धरून बटण दाबतो आणि पोकेमॉन कोपऱ्यात अडकून राहतो, कारण तो सरळ रेषेत धावतोय आणि मध्ये बाक आहे. अशा वेळी बटण बडवून काही होत नाही. झेडएल सोडून आपण दोन पावलं बाजूला सरकायचं, पोकेमॉन मागे आला की त्याला मोकळी वाट मिळते. द्वारका चौकात गाडी काढताना समोरच्या रिक्षाकडे नाही, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघावं लागतं, तसंच हे.

हे सगळं मला माहीत आहे. लिहून दाखवता येतं, ओजसला समजावूनही सांगता येतं. तरी हात थांबतो.

लेजेंड्स: आर्सियस आला तेव्हा असं झालं नव्हतं. 28 जानेवारी 2022. तोही साचा मोडणाराच होता, पण त्याने पकडण्याचा भाग मोडला. गवतात वाकून लपायचं, पाठीमागून बॉल मारायचा, लढाई न करताच पोकेमॉन हातात. जवळ असून आपली चाहूल लागली नसेल तर हेवी बॉल, लांबच्यासाठी सरळ उडणारा फेदर बॉल. साधा बॉल आपणच बनवायचा, एक अ‍ॅप्रिकॉर्न फळ आणि एक टम्बलस्टोन दगड घेऊन. पोकेडेक्सचं, म्हणजे पोकेमॉनच्या नोंदवहीचं, पान नुसतं पकडून भरायचं नाही, इतके पकडा, अमुक मूव्ह करताना इतक्यांदा बघा, अशी कामं करत संशोधनाची पातळी 10 पर्यंत न्यायची. जंगली पोकेमॉन थेट आपल्यावरच धावून यायचे, हे तेव्हा सगळ्यांना नवं होतं. मला ते फार आवडलं, आणि आजही मालिकेतला तोच माझा सगळ्यात लाडका गेम आहे. पण तिथे लढाई सुरू झाली की पुन्हा टर्न, म्हणजे आळीपाळीने वार, होते. अजाइल स्टाइलने ताकद कमी करून पुढची पाळी लवकर मिळवायची, स्ट्राँग स्टाइलने ताकद वाढवून पाळी मागे ढकलायची, आणि कोणाची पाळी कधी ते पडद्यावर एका बाजूला दिसायचं. म्हणजे बाहेर पळापळ आणि आत ते जुनं थांबणं. माझ्यासाठी जागा होती.

आता नाही, असं वाटतं. बत्तीस टाइपची, म्हणजे पोकेमॉनच्या आणि वारांच्या प्रकारांची, जोडकोष्टकं पाठ करणाऱ्यांचा खेळ संपून बोटं वेगाने चालणाऱ्यांचा सुरू झाला... टाइप बत्तीस नाहीत, अठराच आहेत, रागात आकडा वाढला. ते अठरा अजून तसेच आहेत. फेअरीवर स्टील, स्टीलवर आग, जमिनीवर वीज शून्य. त्यातलं काही बदललेलं नाही, आणि मघापासून मी हे विसरूनच लिहितेय.

वय म्हणावं तर तेही नाही. ओजस पुढच्या वर्षी पुण्याला जाईल, मग ही कॉर्ड, हा दुसरा कंट्रोलर... असू दे.

थांबण्याचाच विचार करू. थांबायला मिळत नाही म्हणजे नेमकं काय मिळत नाही? लढाईच्या मधला वेळ. लढाईच्या आधीचा वेळ मात्र उलट वाढलाय. अख्खा गेम एका शहरात आहे, लुमिओस सिटी, 2013 च्या एक्स आणि वाय या गेम्समधलंच, त्या गोष्टीनंतर पाच वर्षांनी. शहरात जंगली पोकेमॉनचे 20 वाइल्ड झोन आहेत, आणि रात्री काही भागात ट्रेनर्सशी लढायचा बॅटल झोन उघडतो. झेड रँकपासून ए रँककडे चढत जायचं, त्यासाठी बॅटल झोनमधल्या ट्रेनर्सना हरवून गुण जमवायचे, पुरेसे झाले की चॅलेंजरचं तिकीट आणि मग बढतीची लढाई. आठ जिमची जागा या चढणीने घेतलीये. आणि बॅटल झोनमध्ये समोरच्याने आपल्याला बघण्याआधी मागून वार केला तर पहिलाच फटका मोठा बसतो. म्हणजे भिंतीच्या आड उभं राहून, समोरचा कुठे बघतोय, त्याच्याजवळ काय असेल, आपण कोणता पोकेमॉन पुढे ठेवायचा, हे ठरवायला हवा तेवढा वेळ आहे. तिथे कुणी घाई करत नाही.

पकडतानाही तसंच. झोनमध्ये शिरण्याआधी उंचावरून पाहून घ्यायचं. लाल डोळ्यांचा मोठा अल्फा कुठे आहे, तो आपल्या अंगावर आला तर पळायला वाट कुठे आहे. पोकेमॉनचा एचपी, म्हणजे जीव, चुकून शून्यावर गेला तरी लगेच हातचा जात नाही, तो भोवळ येऊन थांबतो आणि बॉल फेकायची एक संधी मिळते. जुन्या गेममध्ये क्रिटिकल हिट लागून हवा असलेला पोकेमॉन बेशुद्ध झाला की तो गेलाच. म्हणजे जिथे पूर्वी क्षमा नव्हती तिथे या गेमने ती दिलीये. हे लिहिताना माझा राग थोडा उतरतोय.

मेगा इव्होल्यूशन बघा, म्हणजे पोकेमॉनने लढाईत तात्पुरतं जास्त ताकदीचं रूप घेणं. एक्स आणि वायमध्ये ते लढाईत एकदा करायचं, आणि केलं की लढाई संपेपर्यंत टिकायचं. त्यामुळे पहिल्याच टर्नला करून टाकायचं, विचार करायला फारसं काही नव्हतं. आता वार लागत गेले की गेज भरतं, भरलं की मेगा, आणि गेज संपलं की मूळ रूप. त्याच गेजमधून प्लस मूव्हही, म्हणजे मूव्हचे जास्त जोरदार वार, वापरता येतात. मग आत्ता प्लस मूव्ह मारून गेज कमी करायचं की मेगासाठी साठवायचं? पीपी राखण्याचा जुना हिशेबच हा. "रोग मेगा"शी, म्हणजे बेभान झालेल्या मेगा पोकेमॉनशी, लढताना तर तो जास्तच लागतो, कारण त्याचे वार आपल्यालाही बसतात, आपल्या पोकेमॉनने त्याला मारलं की ऊर्जेचे गोळे पडतात, ते धावत जाऊन उचलले तरच मेगा होता येतं, आणि मेगा न होता केलेले वार त्याला जेमतेम लागतात. गोळ्यांच्या मोहात पुढे गेलं की आपणच आडवे होतो. म्हणून आधी त्याचा वार येऊन जाऊ द्यायचा, मग धावायचं. थांबायचं! इथे थांबावंच लागतं.

हे मला ओजसला सांगायला हवं होतं. सुचलं ते आत्ता.

झेड-एमधल्या बॅटल क्लबचं, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढायांचं, मात्र मी काही मनाला समजावत नाही. चार जण, तीन मिनिटं, जास्तीत जास्त पोकेमॉन पाडायचे. तिथे विचार करायला भिंतीची आडही नाही. दोघं भांडत असताना तिसऱ्याने येऊन शेवटचा फटका मारायचा आणि गुण न्यायचा, हेच तिथलं डोकं. ते शिकता येईल, पण मनापासून आवडेल असं वाटत नाही. टर्नची लढाई ज्यांना हवी आहे त्यांच्यासाठी पोकेमॉन चॅम्पियन्स हा वेगळा गेम जाहीर झालाय, त्यात जुन्या पद्धतीच्याच लढाया. म्हणजे ती शांतता टाकून दिलेली नाही, वेगळ्या घरात ठेवलीये. चालेल मला. दोन्हीकडे जाता येईल.

आता माझ्या लुकारिओ या पोकेमॉनकडे बघू. सगळा घोळ त्याच्यापासूनच सुरू झालाय. मी त्याला जुन्या सवयीने बनवलाय: स्वोर्ड्स डान्स, क्लोज कॉम्बॅट, बुलेट पंच, प्रोटेक्ट. टर्नच्या लढाईत हा संच चोख आहे. स्वोर्ड्स डान्सने अटॅक दुप्पट होतो, आणि बाहेर जाईपर्यंत तसाच राहतो. इथे तो वाढलेला अटॅक काही वेळाने आपोआप उतरतो. शिवाय माझे दोन्ही वार जवळचे. म्हणजे आधी नाच, मग धाव, आणि पोचेपर्यंत नाचाचा अर्धा उपयोग संपलेला. मी थांबत होते असं ओजसला दिसलं, पण निम्मा वेळ तर लुकारिओच रस्त्यात असतो.

त्याचा अटॅक 110 आणि स्पेशल अटॅक 115. टर्नच्या गेममध्ये यातलं एकच निवडायचं, दोन्ही वापरणारा लुकारिओ म्हणजे गुण वाया घालवणं, असंच मी इतकी वर्षं मानत आलेय. पण लांबचे वार बरेचसे स्पेशल आणि जवळचे बरेचसे फिजिकल असतील, तर इथे दोन्ही असणं हाच त्याचा फायदा. लांबून ऑरा स्फिअर, ताकद 80. समोरचा अंगावर आला की क्लोज कॉम्बॅट, ताकद 120, त्याने आपला बचाव उतरतो पण तोही काही वेळापुरता. प्रोटेक्ट राहू दे, ढाल थोडाच वेळ टिकते, म्हणून समोरच्याची मूव्ह सुटताना दिसली की मगच दाबायची, आधी दाबून फुकट. चौथी स्टीलची हवीच, लुमिओसमध्ये फेअरी आडवे येतात आणि फायटिंगचे दोन्ही वार त्यांना निम्मे लागतात. बुलेट पंच जवळचा आणि ताकद 40. फ्लॅश कॅनन लांबचा, ताकद 80.

म्हणजे स्वोर्ड्स डान्स जातो. बुलेट पंचही. मूव्ह मेनूतून कधीही बदलता येतात, त्यामुळे पटलं नाही तर परत आणता येईल. उद्या रात्रीच्या बॅटल झोनमध्ये फेअरीवाला कुणी सापडला तर आधी लांबून फ्लॅश कॅनन, मग तो जवळ येतो की मागे सरतो ते बघायचं, आणि त्यावरून ठरवायचं.