खिडकीतलं आकाश

आज टोरांटोत यंग स्ट्रीटवरून आईसोबत चालत होते. ती एकदम थांबली. "अगं, त्या खिडकीतून आकाश दिसतंय!"

खरंच. विटांची जुनी तीन मजली भिंत तेवढी उभी, फुटपाथच्या बाजूने लोखंडी सांगाड्याने धरलेली. मागे छप्पर नाही, जिना नाही, नुसता खोल खड्डा. एका चौकटीच्या आतल्या कडेला फुलाफुलांच्या वॉलपेपरची पट्टी अजून चिकटून होती. माझी नजर तिथून हलेचना.

सेंट जोसेफ स्ट्रीटवर असंच केलंय. रॉलिन्सन कार्टेज या जुन्या मालवाहतूक कंपनीच्या गोदामाची भिंत पुढे, मागे ४८ मजल्यांचा नवा टॉवर. भिंत वाचली याचा मला आनंदच आहे. पण जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या, त्या कुणी जपायच्या?

आई गिरगावातल्या चाळीत वाढलेली. घरी आल्यावर विचारत होती, "आतली माणसं कुठे गेली गं?"