कमाटीबाग, पिंपळाची पानं आणि माझी पाचवी ब

होळीच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवस रजा टाकली आणि बडोद्याला आत्याकडे गेले. फिरायचं असं काही मनात नव्हतं, फक्त शाळेपासून लांब जायचं होतं. बोरिवलीला रात्री गाडीत बसले, उजाडायच्या आत बडोदा. दांडियाबाजारातलं आत्याचं घर जुनं, लाकडी जिन्याचं, आणि तिच्या मराठीत आता इतकं गुजराती मिसळलंय की दार उघडताच म्हणाली, "आलीस ने? बस, चहा टाकते." बरं वाटलं.

झालं असं होतं की मी पाचवीच्या मुलांना रोज एक तास शाळेमागच्या झाडांखाली नेते, पानं बघायची, त्यावर चार ओळी लिहायच्या. यावेळच्या पालकसभेत त्यावरून मला पाऊण तास उभं करून बोलले. टाइमपास चाललाय, परीक्षा कोण घेणार, बाईंना बागेत फिरायचा पगार मिळतो का. एकही जण माझ्या बाजूने बोललं नाही. पण सगळ्यात जास्त लागलं ते एका आईचं, ती ओरडली नाही, नुसती वही उघडून दाखवली आणि म्हणाली मॅडम, माझ्या मुलाने एका पानावर फूल हा शब्द चार प्रकारे लिहिलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मला कमाटीबागेत घेऊन गेली. नाव सयाजीबाग, १८७९ सालची, महाराज सयाजीराव गायकवाडांनी केलेली, पण आत्याच्या तोंडी कमाटीबागच. शंभर एकरांच्या वर पसरलीय, मधून विश्वामित्री वाहते. लहानपणी इथे म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा बघायला यायचो, यावेळी तिकडे फिरकलोच नाही. काटेसावर फुलली होती, एकही पान नाही आणि लाल जाड फुलं, त्यात मैनांची आणि बुलबुलांची नुसती धांदल. खाली पडलेलं एक फूल उचललं तर हाताला चांगलं जड लागलं. कुठेतरी तांबट पक्षी टुक टुक टुक करत होता, दिसला नाही शेवटपर्यंत.

आणि पिंपळ! मार्चमधला पिंपळ ज्याने जवळून बघितला नाही त्याला कसं सांगू. नवी पानं तांब्याच्या रंगाची, इतकी पातळ की उन्हाकडे धरलं तर शिरा मोजता येतात, टोकाला ती लांब शेपटी, आणि वारा नसतानाही हलत असतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायला वेळ लागतो, तोवर हा तांबूस रंग त्याला कडक उन्हापासून सांभाळतो असं मानतात. हेच मी मुलांना जानेवारीत सांगितलं होतं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला होता, म्हणजे पानाला स्वेटर घातलाय. त्या वाक्यासाठी मी शंभर पालकसभा सहन करेन, खरंच.

मग आत्या मला संकल्पभूमीकडे घेऊन गेली. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब अमेरिकेत शिकायला गेले, १९१७ मध्ये नोकरीसाठी इथे परत आले तर राहायला कोणी जागा देईना. काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री नऊची, मधले पाच तास ते याच बागेत बसून होते, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या दिवसाची आठवण म्हणून दर २३ सप्टेंबरला इथे लांबून माणसं येतात. माझ्या सभेची त्याच्याशी तुलना करायचीसुद्धा नाही, ते दुःख वेगळ्याच जातीचं. पण तिथे उभं राहिल्यावर माझा पाऊण तास फार लहान झाला. आत्या काहीच बोलली नाही, चपला काढून हात जोडले आणि बाकावर जाऊन बसली.

मीही बसले. ती म्हणाली, "अगं, या सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा लोक खूश होते असं वाटतं का तुला? शेतावरचा पोरगा शाळेत बसवायचा म्हणजे घरात दोन हात कमी." मग जरा थांबून, "पण ती वहीवाली बाई बरोबर बोलली हां."

बरोबरच बोलली होती. मला बाकीच्या आरडाओरड्याचा राग होता आणि त्या रागात मी तिचं म्हणणंही ढकलून दिलं होतं. मुलं झाडाकडे छान बघतात पण लिहिताना अडखळतात, आणि ते बसवून घेणं माझंच काम आहे. झाडांखालचा तास मी सोडणार नाही, त्याच तासात श्रुतलेखन घेईन.

दुपारी लाल तर्रीची सेवउसळ खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, संध्याकाळी परत बागेत.

परतीच्या गाडीत आत्याने दिलेल्या हिरव्या चिवड्याच्या पुड्याच्या कागदावरच शब्द लिहायला घेतले, सगळे बागेतले. फूल, फुलं. मूळ, मुळं. ऊन, उन्हात. एकटं असताना दीर्घ, पुढे काही लागलं की ऱ्हस्व. भरूच येईपर्यंत चौदा जोड्या झाल्या. त्या मुलाच्या आईला मेसेज केला की सोमवारी तास झाडाखालीच आहे, तुम्हीही या, वही घेऊन.